सतरा कोऱ्या कागदांची हकीकत

श्री कुलस्वामिनीस वंदन करोन, जे डोळां देखिले आणि जे खात्रीच्या माणसांच्या तोंडून ऐकिले तेवढेच येथे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंग नाम संवत्सरी, खाडीकाठच्या राज्यात इंदुमतीबाई चित्रे यांस वकिलीची सनद मिळाली, तेथून हकीकतीस आरंभ. त्या राज्यात गुन्हे दोन जातींचे मानीत. एक हत्यारांचे आणि एक लेखणीचे. हत्यारांच्या गुन्ह्यांस वकील पुष्कळ, कारण तेथे आवाज चढवावा लागे आणि आवाज पुष्कळांपाशी होता. लेखणीचे गुन्हे म्हणजे खोटी मुद्रा, मागल्या तारखेचा दस्त, न पाहता दिलेला दाखला, आणि ते करणारे लोक इस्त्रीच्या सदऱ्यातले, चष्मेवाले, देवास नेमाने जाणारे. त्यांचा बचाव करावयास बसून वाचावे लागे. मग ऐसे बसून वाचणारे वकील त्या राज्यात दोनच होते, त्यांतले थोरले भाऊसाहेब राजाध्यक्ष, आणि त्यांच्या हाताखाली इंदुमतीबाई शिकावयास राहिल्या.

न्यायमंदिर टेकडीवर होते आणि खाली खाडी दिसे. त्या काळी पायऱ्या चढू लागावे तो वरून टायपिंगच्या यंत्रांचा कडकडाट कानी येई, शिपाई रामजी पुकारा करी तो बंदरापर्यंत जाई, आणि विजेचे पंखे इतके संथ फिरत की त्यांच्या पात्यावर चिमण्या बसोन राहत. काळा झगा उन्हात वाळत घातलेला पाहिला की कोणाचा खटला आज आहे ते सारे गाव ओळखी. आता तेथे यंत्रे मुकी आहेत आणि पुकाराही भिंतीतल्या डब्यातून होतो. सोय मोठी जाहली, पण त्या पायऱ्यांवर जे ऐकू येत होते ते आता येत नाही.

भाऊसाहेबांची शिकवण दोन गोष्टींची. पहिली ही की, फाईल शेवटून वाचावी. बाईंनी पुसिले, "शेवटून का, भाऊसाहेब?" तेव्हा पानाला चुना लावीत ते म्हणाले, "अगं, पहिल्या पानाशी लिहिणारा सजून बसलेला असतो, नवरदेवासारखा. शेवटाकडे त्याची पाठ दुखायला लागते, घरी जायची घाई होते. खरं काय ते तिथं सांडतं." दुसरी ही की, अशिलास गुन्हा केला काय ऐसे कधी पुसू नये, त्या दिवशी जेवलास काय, ऐसे पुसावे. कारण लबाड मनुष्य गुन्ह्याची सारी उत्तरे पाठ करोन येतो आणि जेवणाचे पाठ करावयास विसरतो. बाईंनी दोन्ही गोष्टी पदरी बांधिल्या आणि पुढे तेहतीस वर्षे सोडिल्या नाहीत.

पहिलाच मोठा खटला दस्तनोंदणीच्या एका कारकुनाचा पडला. मागल्या तारखेचा दस्त केला ऐसा आरोप, आणि पाच पंचांनी सही केलेला पंचनामा पुढे आला. बाईंनी रीतीप्रमाणे फाईल उलटी धरली, तो पंचनामा फाल्गुन वद्य प्रतिपदेचा. मग न्यायासनापुढे उभ्या राहोन त्या म्हणाल्या, "हुजूर, धुळवडीच्या दिवशी पाच असामी कचेरीत दुपारभर बसतात, पाच सह्या करतात, आणि एका सहीला रंगाचं बोट लागत नाही. एवढे सोवळे पंच आपल्या राज्यात आहेत हे मला आजच कळलं." तेव्हा न्यायासनही हासले आणि कारकून सुटला. त्या दिवशी सरकारपक्षाकडून जनार्दनपंत नाडकर्णी होते, वय बाईंइतकेच, सनदही त्याच सालची. पंत हरले आणि सायंकाळी पायऱ्यांवर थांबोन म्हणाले, "बाई, पुढल्या वेळी मी पंचनामा आधी रंगात बुडवून आणीन." बाई म्हणाल्या, "आणा, पण रंग त्याच तारखेचा आणा." तेथून त्या दोघांचे वैर सुरू जाहले आणि स्नेहही.

वैर ऐसे की, राज्यात लेखणीचा कोणताही मोठा खटला निघाला म्हणजे एका बाजूस पंत आणि एका बाजूस बाई. आणि स्नेह ऐसा की, दुपारी न्यायासन उठले म्हणजे आवारातल्या आंब्याखालच्या बाकावर दोघे चहास बसत, आणि चहाला खटला नाही हा करार. मग तेथे पंतांच्या मुलीचे परकर-पोलके, बाईंच्या भावाचे दुखणे, यंदा फणस कोणाचा गोड निघाला, इतकेच बोलणे. आरोपी लोक लांबून पाहत आणि बुचकळ्यात पडत की, आपणांस तुरुंगात घालू पाहणारा हा मनुष्य आपल्या वकिलीणबाईस बशीतून चहा कसा देतो. एके दिवशी एका दुकानदाराने धीर करोन पुसिले, "बाई, हे तुमचे का सरकारचे?" बाई म्हणाल्या, "चहापुरते माझे."

याप्रमाणे वर्षे गेली. भाऊसाहेब कैलासवासी जाहले आणि त्यांची चुन्याची डबी बाईंकडे आली. बाईंनी लग्न केले नाही. कोणी पुसिले तर म्हणत, तारीखच मिळाली नाही. काही अशील सुटले, काही आत गेले. जे आत गेले त्यांस दर दिवाळीस चिठी लिहावी हा बाईंचा परिपाठ होता. सुटलेल्यांपैकी दहांतला एक दिवाळीस भेटावयास येई. बाकीचे रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जात, कारण बाईंस पाहिले की त्यांस आपले दिवस आठवत. बाई त्यांचा राग धरीत नसत. दत्तोबा म्हणून त्यांचा कारकून होता, वयाने त्यांच्याहून थोर, तो मात्र पलीकडे जाणाऱ्याची छत्री ओळखोन नावासकट पुटपुटे.

मग शके एकोणीसशे बावीस, विक्रम नाम संवत्सरी, शहराच्या पाण्याची नवी टाकी फुटली. पाणी खालच्या आळीत शिरोन नऊ घरांच्या भिंती बसल्या. मनुष्य दगावला नाही, पण लोक खवळले. टाकी तपासोन मजबूत आहे ऐसा दाखला पाणी खात्याचे मुख्य मोरेश्वर वेलणकर यांच्या सहीचा आणि मुद्रेचा निघाला, आणि तपासणी तर कोणी केलीच नव्हती. ठेकेदाराचे भले करावयास दाखला खोटा दिला, ऐसा आरोप ठेवोन मोरेश्वरांस धरिले. शिक्षा सात वर्षांची होती. त्यांची बायको सुधाबाई बाईंकडे आली आणि ओटीवर बसोन म्हणाली, "तीस वर्षं ह्यांनी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नाही. आता मुलीला शाळेत म्हणतात, तुझ्या बाबांनी पाणी सोडलं. बाई, हे खोटे असतील तर मला तुम्हीच सांगा, मी दुसऱ्याकडून ऐकणार नाही."

बाई मोरेश्वरांस भेटावयास गेल्या आणि दाखल्याची तारीख सांगोन पुसिले, "त्या दिवशी जेवलात काय?" मोरेश्वर विचार न करता म्हणाले, "वडे, खीर, आमसुलाची चटणी. आईचं वर्षश्राद्ध होतं, गावी होतो. भोपळ्याची भाजी खारट झाली म्हणून काका भटजींसमोर बोलले, बायकोला रडू आलं." बाईंनी जाणिले की हा मनुष्य खरा. मग पुसिले, "मग सही कशी?" तेव्हा मोरेश्वरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "रजेवर जाताना पाच कोऱ्या कागदांवर सही करून हेडक्लार्कांपाशी ठेवून गेलो होतो. लोकांची कामं अडू नयेत म्हणून. आमच्याकडे सगळेच ठेवतात, बाई. माझ्या आधीचे साहेब दहा ठेवायचे." तो हेडक्लार्क टाकी फुटण्याआधी महिनाभर परलोकवासी जाहला होता. आता कोणाच्या तोंडून काय वदवावे?

हा कोऱ्या सहीचा रिवाज त्या राज्यात फार जुना. मुलीचे लग्न निघाले, आई आजारी पडली, दाढ दुखली, की अंमलदाराने कोऱ्या कागदांच्या तळाशी सही करावी, कागद विश्वासू कारकुनापाशी द्यावे आणि खुशाल जावे. ह्याला कोणी लबाडी म्हणत नसत, भलेपणा म्हणत. जो साहेब कोरे कागद ठेवी त्याची तारीफ होई की लोकांची कळ जाणतो. जो न ठेवी त्यास खडूस म्हणत. परंतु न्यायासनापुढे हे सांगावे कोणी? बाईंनी पाणी खात्याच्या अकरा अंमलदारांस साक्षीस बोलाविले, आणि अकरांनी एकामागोमाग एक शपथेवर सांगितले की, आमच्या दप्तरी ऐसा रिवाज नाही, आम्ही कधी ऐकिला नाही. अकरावा तर असे बोलला की, कोरी सही म्हणजे काय ते मला कृपा करून समजावून सांगा. मोरेश्वर पिंजऱ्यात उभे राहोन त्यांच्याकडे पाहत होते; त्यांतल्या सातांचे कोरे कागद त्यांनी स्वतः सांभाळिले होते. जनार्दनपंत उठोन म्हणाले, "सही यांची, मुद्रा यांची, रिवाज कोणाचाच नाही. मग त्या कागदावर भूत येऊन लिहून गेलं काय?" आणि न्यायमूर्ती केळुस्कर यांनी निकालास पाच दिवसांची मुदत घातली. त्या दिवशी चहास पंत आले, परंतु बाई गेल्या नाहीत. डोके दुखते म्हणोन निरोप धाडिला.

दुसरे दिवशी दुपारी बाई फाईल घेऊन बसल्या आणि रीतीप्रमाणे शेवटून वाचू लागल्या. शेवटचे पान अगदी किरकोळ. सरकारपक्षाने तपासास आणखी मुदत मागितल्याचा अर्ज, खाली जनार्दनपंतांची सही, तारीख वैशाख शुद्ध पंचमी. हे पान बाईंनी पूर्वी दोन वेळ पाहिले होते आणि कामाचे नाही म्हणोन उलटिले होते. आता तारखेवर बोट थांबले. वैशाख शुद्ध पंचमीस पंतांच्या धाकट्या मुलीचे लग्न खाडीपलीकडल्या गावी जाहले, आणि पंत सकाळपासून मांडवात होते, आणि बाई स्वतः त्यांच्या शेजारी उभ्या राहोन अक्षता टाकीत होत्या. त्या दिवशी होडी दोन प्रहरांनंतर सुटली नव्हती. म्हणजे पंतांनी कोऱ्या कागदावर सही करोन ठेविली होती, आणि तीच ह्या खटल्याच्या फाईलीत, सरकारच्याच हाताने लाविली होती.

दत्तोबाने ते पान पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "बाई, सुटले वेलणकर. हे पान निकालाच्या दिवशी टेबलावर ठेवा. सरकारी वकीलच करतो म्हटल्यावर भूत कोण ते कळेलच." बाई म्हणाल्या, "हे वापरायचं नाही." दत्तोबा म्हणाला, "मग वेलणकरांनी सात वर्षं आत काय करायचं, भजन?" बाईंनी फाईल मिटिली. दत्तोबा म्हणाला, "पंत चहापुरते तुमचे, असं तुम्हीच म्हणता. आता चहा चाललाय का?" तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांची सनद जाईल, दत्तोबा. आणि ती मी घेतलेली असेल. मांडवात उभी राहिले म्हणून मला तारीख कळली, वाचून नाही कळली. जेवायला बोलावलेल्याने घरातलं पाहून बाहेर सांगायचं, हे मला जमणार नाही." मग पुसिले, "आपल्या खणात किती आहेत?" दत्तोबा समजला नाही ऐसे दाखवू लागला. बाई म्हणाल्या, "माझ्या सहीचे. कोरे." दत्तोबा म्हणाला, "असतील दहा-बारा." "मोज." त्याने मोजिले, सतरा निघाले. बाई म्हणाल्या, "आण इकडे." दत्तोबाने खणाची किल्ली हातात घट्ट धरली आणि म्हणाला, "बाई, मी तुमच्या पायाशी तेहतीस वर्षं आहे. हे मला करायला लावू नका." बाई म्हणाल्या, "तुला नाही लावत. किल्ली दे, मी उठते." तेव्हा त्यानेच खण उघडिला.

वकिलाने आपल्याच खटल्यात साक्ष देऊ नये ऐसा त्या राज्याचा कायदा. म्हणोन निकालाचे दिवशी बाईंनी आधी अर्ज दिला की, तासभर मी या खटल्यातून मोकळी होते. मग भर न्यायसभेत काळा झगा उतरविला, घडी घातली, बाकावर ठेविला, आणि साध्या हातमागाच्या लुगड्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती म्हणाले, "आरोपीचा वकील आता कोण?" मोरेश्वर हात जोडोन म्हणाले, "तासाभरापुरता कोणी नको, हुजूर. बाईंना बोलू द्या." मग बाईंनी ते सतरा कागद टेबलावर मांडिले आणि सांगितले की, हे कोरे आहेत, खाली माझी सही आहे, हे माझ्या कारकुनाच्या खणात होते, आणि ह्यावर उद्या कोणी काहीही लिहिले असते तर ते मी लिहिले ऐसे आपण म्हणाला असता. वेलणकर निष्काळजी आहेत. मीही तितकीच निष्काळजी आहे. निष्काळजी माणसाला लबाड म्हणून आत टाकू नये, एवढंच माझं सांगणं.

 जनार्दनपंत उलटतपासास उठले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी पुसिले, "आपण कोऱ्या कागदांवर सह्या करीत होता?" "होते." "किती वर्षे?" "सनद मिळाली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून." "हे गैर आहे, ठाऊक होते?" बाई म्हणाल्या, "ठाऊक होतं. लोकांचं काम अडू नये म्हणून करीत होते. आणि शपथेवर आहे म्हणून सांगते, कधी कधी दुपारची झोप मोडू नये म्हणूनही." मागल्या बाकावर हशा उठला आणि रामजीने दटाविला. मग पंतांनी पुसावयाचे ते पुसिले, कारण पुसल्यावाचून गत नव्हती. "या राज्यात आणखी कोण असे करतो? नावे सांगा." बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. पंतांच्या हाती सरकारी फाईल होती आणि बोट शेवटच्या पानात होते. त्यांनी खाली पाहिले, तारीख वाचली, आणि वर पाहिले; बाईंस ठाऊक आहे, हे त्यांस त्या क्षणी उमगले. बाई म्हणाल्या, "माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं ज्याने त्याने सांगावं." अकरा अंमलदार भिंतीशी उभे होते, ते जमिनीकडे पाहू लागले. पंत उभेच राहिले. पंख्याचा करकर आवाज ऐकू येत होता, इतका वेळ ते उभे राहिले. मग म्हणाले, "सरकारपक्षाला आणखी काही विचारावयाचे नाही," आणि बसले.

न्यायमूर्तींनी निकाल दिला. मोरेश्वर खोटेपणाच्या आरोपातून सुटले. हयगयीबद्दल मुख्यपण गेले आणि खालच्या आळीच्या नऊ भिंती स्वतः उभ्या राहोन बांधोन घ्याव्या ऐसा हुकूम जाहला, तो त्यांनी आनंदाने घेतला. आणि इंदुमतीबाई चित्रे यांनी आपल्या तोंडाने गैर कबूल केले, म्हणोन त्यांची सनद कायमची जप्त करावी, हेही त्याच निकालात. लिहिताना न्यायमूर्ती केळुस्करांनी चष्मा दोनदा पुसिला, परंतु लिहिले. सुधाबाई मुलीस घेऊन बाईंच्या पाया पडावयास आली तेव्हा बाईंनी मुलीस पुसिले, "आता शाळेत काय सांगशील?" मुलगी म्हणाली, "बाबा विसरभोळे आहेत." बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर."

पुढे राज्यात कोऱ्या सहीची बंदी जाहली आणि एकच गोंधळ उडाला. अंमलदार रजेवर गेला की कचेरी ठप्प, दाखले अडले, लग्नाच्या नोंदी अडल्या, आणि लोक बाजारात बोलू लागले की, त्या वकिलीणबाईने सगळ्यांची सोय घालविली. भाजीवालीने तोंडावर म्हटले, "बाई, माझा रेशनचा कागद तुमच्यापायी पडून आहे." बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस थांब, साहेब येतील. आल्यावर वाचून सही करतील. वाचून केलेली सही तुझ्या नशिबात पहिल्यांदाच येते आहे." भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली नाही, पण जुडी मोठी दिली.

आठ दिवसांनी दुपारी जनार्दनपंत बाईंच्या घरी आले. यापूर्वी ते कधी घरी आले नव्हते. ओटीवर बसले, पाणी प्याले, बाईंनी चहा ठेविला. पंत म्हणाले, "शेवटचं पान तुम्ही वाचलं होतंत." "वाचलं होतं." "आठ दिवस मी वाट पाहत होतो. कुठून तरी बातमी फुटेल, तुम्ही कोणाला तरी सांगाल, दत्तोबा बोलेल. रामजी पत्र घेऊन आला की आधी खालची सही पाहत होतो." बाईंनी चहा गाळला, कप त्यांच्यापुढे सरकविला आणि म्हणाल्या, "मीही आठ दिवस वाट पाहत होते, पंत. तुमची." पंतांनी कप उचलिला नाही. थोड्या वेळाने उठले, चपला घातल्या आणि नीट पायऱ्यांची वाट धरोन टेकडीकडे गेले. न्यायासन त्या दिवशी अजून बसलेले होते.

इतकी ही हकीकत. इंदुमतीबाई पुढे नऊ वर्षे जगल्या आणि अंगणात शेजारपाजारच्या लोकांचे कागद फुकट वाचोन देत, शेवटून. पंत त्यांच्या अंगणात येऊन बसत आणि चष्मा आणावयास विसरलो म्हणोन बाईंचा मागत. न्यायमंदिराच्या दप्तरखान्यात जप्त सनदांची एक लोखंडी पेटी आहे, ती ज्यांनी उघडोन पाहिली ते सांगतात की, तीत वरच दोन सनदा एकावर एक आहेत, एकाच सालच्या, आणि त्यांच्यावरल्या जप्तीच्या तारखांत नऊ दिवसांचे अंतर आहे. वाचणाराचे कल्याण असो.